हिरडीतून येणारे रक्त आणि रक्तातली साखर

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी माझी आत्या एकटीच राहते. गेल्या वर्षी गोळ्या वेळेवर घेऊनही तिची साखर खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिण्याआधी तिला तोंड उघडायला सांगितले, खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, "आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या." परतताना एसटीतूनच तिने मला फोन केला. "साखर रगतात, मगे दातांचा काय?" एवढाच तिचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता. दात ही वेगळी गोष्ट आणि शरीर ही वेगळी, असेच आपल्याला लहानपणापासून वाटत आलेले असते. दातांचे डॉक्टर वेगळे, त्यांचा दवाखाना वेगळा, खुर्चीसुद्धा वेगळी. मात्र हिरडीतून वाहणारे रक्त आणि बोटाला सुई टोचून तपासलेले रक्त एकच असते. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच सुरू होते.

हिरडीतून रक्त येते ते कशामुळे?

दात कितीही स्वच्छ घासले तरी काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा पातळ, चिकट थर पुन्हा धरू लागतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत स्पर्श जाणवतो, तो याच थराचा. दंतवैद्यकात त्याला प्लाक म्हणतात. या लेखात त्याला नुसते 'थर' म्हटले आहे. पावसाळ्यात विहिरीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरते, ते वरून कितीही पाणी ओतले तरी जात नाही, काथ्याने किंवा खराट्याने घासावेच लागते. या थराचेही तसेच आहे. तो नुसत्या चुळा भरून निघत नाही.

थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि काही दिवसांत तो दगडासारखा कठीण होतो. हे कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला ते सर्वांत लवकर साठते, कारण लाळग्रंथींची तोंडे त्याच जागी उघडतात. मासेमारी बंद असताना होडी किनाऱ्यावर ओढून घेतली की तिच्या तळाला शिंपल्यांचे कठीण कवच चिकटलेले दिसते. ते ओल्या फडक्याने पुसून निघत नाही, हत्याराने खरवडावे लागते. कीटणही ब्रशने निघत नाही, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर अधिकच सहज धरतो.

हिरडीच्या कडेला हा थर साठला की शरीर त्या जागी जास्त रक्त आणि पांढऱ्या पेशी पाठवते. जागा लाल होते, सुजते, नाजूक होते. शरीराच्या या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. अशा हिरडीला ब्रशचा किंवा भाकरीच्या कडक पापुद्र्याचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येते. निरोगी हिरडीतून घासताना रक्त येत नाही, थोडेसुद्धा नाही, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बेसिनमध्ये दिसणाऱ्या गुलाबी फेसाची आपल्यापैकी कित्येकांना सवय झालेली असते.

डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लो या शास्त्रज्ञाने 1965 साली ही गोष्ट फार साध्या रीतीने सिद्ध केली. हिरड्या निरोगी असलेल्या 12 जणांना त्यांनी दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला, आणि दात पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरडी बिघडायला दोन-तीन आठवडे पुरतात आणि या टप्प्यावर ती सुधारायलाही फार काळ लागत नाही. ही सवलत पुढच्या टप्प्यावर मात्र उरत नाही.

माडाच्या मुळाखालची वाळू

खाडीच्या काठावरचा कलंडलेला माड कोकणात सगळ्यांनी पाहिलेला असतो. झाडाला कीड नसते, झावळ्या हिरव्यागार असतात, नारळही धरलेले असतात. भरतीच्या पाण्याने मुळाखालची वाळू मात्र वर्षानुवर्षे ओढून नेलेली असते, आणि एक दिवस तो माड आडवा होतो. हिरड्यांच्या जुनाट आजारात दाताचे नेमके हेच होते. या आजाराला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. यात दात किडलेला असेलच असे नाही. पुष्कळदा पडलेला दात हातात घेऊन पाहिला तर तो पूर्ण धड असतो, आणि म्हणूनच माणूस बुचकळ्यात पडतो.

दात जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बारीक तंतूंनी बांधलेला असतो. हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये निसर्गतःच एक ते तीन मिलिमीटर खोलीची फट असते. दाह दीर्घकाळ राहिला तर ती फट खोल होत जाते आणि तिचा खिसा बनतो. खिशाच्या तळाशी ब्रश पोहोचत नाही, तिथे हवेशिवाय जगणारे अधिक त्रासदायक जिवाणू वस्ती करतात, आणि त्यांच्याशी झगडताना शरीराच्या स्वतःच्या पेशी जी द्रव्ये सोडतात त्यांनी तंतू विरघळतात आणि हाड झिजते. हाड खाणारे जिवाणू नव्हेत, ते झिजवण्याचे काम आपलेच शरीर करते, ही या आजारातली खरी शोकांतिका आहे. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. आणि हे सगळे बहुधा न दुखता घडत असते.

आत्याबरोबर दातांच्या दवाखान्यात मी गेलो होतो. डॉक्टरांनी टोकाशी मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली एक बोथट सळई प्रत्येक दाताच्या कडेने हलकेच खाली सरकवली आणि मागे बसलेल्या मदतनीस मुलीला आकडे सांगायला सुरुवात केली : "चार, पाच, पाच, सहा." ती लिहून घेत होती. आत्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, कारण तिला वाटले पैशांचा हिशेब चालला आहे. ते तिच्या हिरड्यांच्या खिशांचे मोजमाप होते, आणि सहा म्हणजे निरोगी फटीच्या दुप्पट खोली. तपासणी संपल्यावर ती म्हणाली, "वय झाला आता, दात हलतलेच." त्यावर डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की वयाने केस पिकतात, दात सुटत नाहीत. म्हातारपणी पडणारे दात बहुतेक वेळा तरुणपणी सुरू झालेल्या आणि कुणी लक्ष न दिलेल्या आजारामुळे पडतात.

साखरेशी संबंध : रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता

आता आत्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्तातली साखर दीर्घकाळ चढी राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटत जाते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडतात, जखम भरून काढणारे तंतू नीट तयार होत नाहीत आणि पांढऱ्या पेशी आपले काम धड करत नाहीत. मधुमेही माणसाच्या पायाची जखम चिघळते ती याच कारणांनी, आणि हिरडीतही हेच घडते. मधुमेह असणाऱ्यांना पायोरियाचा धोका सुमारे तिप्पट असतो, आणि साखर जितकी बेलगाम तितका तो वाढतो. ज्यांच्या प्रयोगाचा वर उल्लेख केला त्याच लो यांनी 1993 साली पायोरियाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले; डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा यांच्या पंक्तीला त्यांनी हिरडी बसवली.

हा झाला एका बाजूचा रस्ता. परतीचा रस्ता असा की, हिरड्यांमधला दाह तोंडापुरता राहत नाही. दाह घडवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि शरीरभर फिरतात. त्यांच्यामुळे पेशी इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनाशा होतात. इन्सुलिन हे साखरेला पेशीत शिरायला दार उघडून देणारे संप्रेरक आहे. दार नीट उघडले नाही की साखर रक्तातच राहते. साखरेने हिरडी बिघडते, बिघडलेल्या हिरडीने साखर आणखी चढते, आणि माणूस मात्र फक्त गोड कमी करत बसतो.

एवढ्याशा हिरडीने एवढे व्हावे का, अशी शंका येईल. तीव्र पायोरियात सगळ्या खिशांच्या आतल्या भिंती पसरून मांडल्या तर सुजलेल्या भागाचे क्षेत्रफळ साधारण 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे पाच रुपयांची दोन ते चार नाणी शेजारी शेजारी ठेवल्यावर व्यापतात तेवढी जागा. एवढी ओली जखम मधुमेही माणसाच्या पायावर असती, तर घरातल्यांनी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेले असते. हीच जखम तोंडात असते, रोज तिच्यावरून अन्न जाते, आणि ती दहा-दहा वर्षे तशीच राहते. मला या सगळ्या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

हिरड्यांवर उपचार केले, म्हणजे खिशांतले कीटण काढून ते साफ केले, तर साखर उतरते का? वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2022 साली अशा 35 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी चाचणी असते (तिचा अहवाल टक्क्यांत येतो), तिचा आकडा हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी सरासरी 0.43 ने उतरलेला दिसला. हा आकडा लहान वाटेल, पण एखाद्याला साखरेची आणखी एक गोळी सुरू केल्यावर जो फरक पडतो त्याच्या तो जवळपास जातो. म्हणून साखरेच्या गोळ्या सोडाव्यात असे मुळीच नाही. हिरडीचा उपचार गोळ्यांच्या जोडीने करायचा असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या माणसांपैकी किती जणांच्या हिरड्या कधी कुणी तपासल्या असतील, याचा विचार केला म्हणजे आत्याच्या त्या डॉक्टरांविषयी मनात कृतज्ञता दाटून येते.

हृदयविकार आणि गरोदरपण : ठाम काय, अजून उघडे काय

या ठिकाणी सावध राहणे आवश्यक आहे, कारण 'दात घासा आणि हृदयविकार टाळा' अशा मथळ्यांनी वाचकाची दिशाभूल होते. पायोरिया असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो, हे खरे आहे. मात्र तंबाखू आणि मधुमेह या दोन्ही गोष्टी हिरडीलाही मारक आहेत आणि हृदयालाही, त्यामुळे दोन आजार एकत्र दिसले म्हणून एकाने दुसरा झाला असे ठरत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली सगळा पुरावा तपासून हेच सांगितले : इतर कारणे वजा केल्यावरही संबंध उरतो, पण हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो असे सिद्ध झालेले नाही. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे त्यांची गोष्ट मात्र वेगळी. तोंडातले जिवाणू रक्तातून जाऊन त्या झडपेवर वस्ती करू शकतात, म्हणून दात काढण्यापूर्वी त्यांना प्रतिजैविक औषध दिले जाते. अशा माणसाने दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ही गोष्ट सांगावी.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या अधिक सुजतात आणि लवकर रक्त येते. पायोरिया आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला, पण 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, 823 गरोदर स्त्रियांवरील अमेरिकेतल्या चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. त्याच चाचणीतून दुसरी, फार उपयोगाची गोष्ट मात्र निष्पन्न झाली, ती म्हणजे गरोदरपणात हिरड्यांवरील उपचार सुरक्षित आहेत. 'पोटुशी बाईने दातांना हात लावू देऊ नये' हा आपल्याकडचा समज त्यामुळे सोडून द्यायला हरकत नाही. मधले तीन महिने या कामासाठी सर्वांत सोयीचे असतात.

"डॉक्टरांकडून दात साफ केले की ते सैल होतात"

हा आक्षेप मी गावात सर्वाधिक वेळा ऐकला आहे, आणि तो घेणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांना तसा अनुभव आलेला असतो. घडते असे की, हाड झिजलेले असताना दातांच्या मध्ये भरलेले कीटण त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते. ते काढले की दातांचे खरे हलणे जाणवते. सुजलेली हिरडी उतरून घट्ट बसली की दातांमध्ये फटी दिसू लागतात, आणि उघड्या पडलेल्या मुळांना काही दिवस थंड पाणी झोंबते. या तीनही गोष्टी साफ करण्याआधीच झालेल्या हानीच्या आहेत. कीटणाने त्या फक्त झाकून ठेवलेल्या होत्या. बरेचसे हलणारे दात दाह उतरल्यावर पुन्हा थोडे घट्टही होतात.

"आमच्या आजीने जन्मभर मशेरी लावली"

मशेरी म्हणजे तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. कोकणात, विशेषतः बायकांमध्ये, तिची सवय पुष्कळदा दातदुखीपासून सुरू होते, कारण बोटाने हिरडीवर चोळली की ठणका तात्पुरता बधिर होतो. आत्यानेही अशीच सुरुवात केली होती. त्या पुडीतला निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातो आणि सवय सुटत नाही. मशेरी जिथे चोळली जाते तिथली हिरडी मागे हटते, तोंडात पांढरे चट्टे उठू शकतात आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली. घरी भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत तो कायदा कसा पोहोचणार? तिथे घरातल्या माणसांनाच प्रेमाने बोलावे लागते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. धूम्रपानाने हिरडीतून रक्त येण्याचे प्रमाण कमी होते, त्यामुळे आत हाड झिजत असले तरी बाहेर खूण दिसत नाही. 'मला रक्त येत नाही' हे त्यांच्या बाबतीत निरोगीपणाचे लक्षण धरता येत नाही. सुपारीबद्दल, तिच्या बागा असलेल्या कोकणात राहून, बोलणे जड जाते, तरी सांगायलाच हवे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना चघळलेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलेले आहे.

तुसाची राखुंडी किंवा कोळशाची पूड ही तंबाखूसारखी विषारी नाही, पण ती खरखरीत असते आणि उघडी पडलेली मुळे तिने झिजतात. आंब्याच्या पानाने किंवा कडुनिंबाच्या काडीने दात घासणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र दातांच्या मागच्या बाजूंना आणि दाढांच्या फटींना त्यांनी पोहोचता येत नाही, आणि कीड रोखणारे फ्लोराइड त्यांत नसते.

"रक्त येते तिथे ब्रश कसा लावायचा?"

रक्त येते म्हणून लोक ती जागा टाळतात, थर वाढतो, आणि रक्त अधिकच येते. करायचे ते याच्या उलट. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरपा टेकवावा, म्हणजे केसांची टोके हिरडी आणि दात यांच्या मधल्या रेषेत जातील, आणि जागच्या जागी हलक्या हाताने थरथरवत पुढे सरकावे. भांडी घासतो तसा जोर लावू नये. एवढ्याने साधारण आठवडाभरात रक्त कमी होऊ लागते. दोन आठवड्यांनंतरही येत राहिले, तर आत कीटण किंवा खिसे आहेत असे समजून दातांच्या डॉक्टरांकडे जावे.

दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, फ्लोराइड असलेल्या पेस्टने घासणे पुरेसे आहे. दोन वेळांपैकी रात्रीची वेळ अधिक मोलाची, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि थराला रान मोकळे मिळते. आपल्याकडे नेमकी तीच चुकते. दोन दातांमधल्या फटीत ब्रश जात नाही. तिथे दातांचा धागा किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश वापरावा. माशाचा काटा अडकला म्हणून बांगडीतली सेफ्टीपिन काढून टोचणे हा हिरडीला जखम करण्याचा हमखास मार्ग आहे. कोकम सरबत, कैरी, लिंबू असे आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावे, कारण आम्लाने दाताचा पृष्ठभाग तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो. आंबापोळी आणि फणसपोळी दातांना चिकटून राहतात. त्या जेवणाबरोबर खाव्यात, दिवसभर चघळत बसू नये.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हिरड्या बऱ्या होतात, असेही पुष्कळांना वाटते. त्या जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने पूर्वी लांबच्या सफरीवरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त वाहत असे, हे खरे. आज आवळा, पेरू, लिंबू खाणाऱ्या माणसाच्या हिरडीतून रक्त येण्याचे कारण बहुधा थर हेच असते, आणि थर गोळीने निघत नाही.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. पावसाळ्यात ताप आलेला असताना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, तर ब्रशचा विचारही न करता तडक दवाखाना गाठावा. ते डेंग्यूचे किंवा लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचे) लक्षण असू शकते.

अंथरुणाला खिळलेल्यांचे तोंड

कोकणातल्या कित्येक घरांत मुले मुंबईला आणि म्हातारी माणसे गावी असतात. त्यांतली काही अंथरुणावर आहेत, आणि त्यांची काळजी घेणारी सून किंवा शेजारीण अंघोळ घालते, भरवते, पण तोंड स्वच्छ करायचे राहून जाते. अशा माणसाच्या तोंडातले जिवाणू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेली एक पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. ज्या वृद्धांचे दात मदतनिसांनी रोज जेवणानंतर घासून दिले, त्यांच्यापैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला. ज्यांना अशी मदत मिळाली नाही त्यांच्यापैकी 19 टक्क्यांना झाला. त्यात महागडे काहीच नव्हते. दात नसलेल्या माणसाच्याही हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात, आणि कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी.

कुठे जायचे?

जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, आणि अनेक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतही दंतचिकित्सक असतात. तिशी ओलांडलेल्यांची साखर, रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग यांची तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात होते. तिथे आपणहून सांगावे की हिरडीतून रक्त येते, दात हलतो, तोंडाला वास येतो. विचारण्याची वाट पाहू नये. दातांच्या डॉक्टरांना आपली साखर किती आहे हे सांगावे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आत्याचे कीटण तीन खेपांत काढले गेले. दोन दात वाचवण्यापलीकडे गेलेले होते, ते काढावे लागले. मशेरी सुटायला चार महिने लागले, आणि त्या काळात ती दोनदा परत त्या डब्याकडे वळली. तिची साखर आता पूर्वीपेक्षा खाली आहे. तिने रोज चालायलाही सुरुवात केली असल्याने त्याचे सगळे श्रेय हिरड्यांना देता येणार नाही. गेल्या महिन्यात ती पुन्हा त्या खुर्चीवर बसली तेव्हा सळईचे आकडे ऐकू आले : "तीन, चार, तीन, चार." या वेळी ते कशाचे आहेत हे तिला ठाऊक होते, आणि डॉक्टरांनी हात मागे घेताच तिने विचारले, "तो सहावालो खंयचो हुतो, तो आता किती?"